ज्वारीतली काही ताटं दाणे गाळतात : दोष हवेचा की बियाण्याचा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मोहोळजवळ काळं रान, घरचंच राखलेलं मालदांडीचं, म्हणजे रब्बी ज्वारीच्या जुन्या वाणाचं बियाणं. गेल्या दोन रब्बी हंगामांत मधूनमधून वेगळी ताटं, म्हणजे ज्वारीची झाडं, दिसतात. इतरांपेक्षा उंच, बारीक धाटाची, बुडाशी फुटवे असलेली. कणीस मोकळं, तूस काळपट. पिकत आलं की हात लावताच दाणे खाली पडतात. दुकानदारानं बोरॉन आणि एक संजीवक (पिकाच्या वाढीवर परिणाम करणारं औषध) फवारायला सांगितलं, शेजारी म्हणतो बांधावरच्या बरूशी, म्हणजे ज्वारीच्या रानटी भाऊबंद गवताशी, संकर झालाय, वडील म्हणतात काढणीला उशीर होतो म्हणून गळतं. खरं कोण, आणि हे सगळ्या बियाण्यात पसरेल का, एवढं तुम्हाला हवंय.

माझं मत आधीच सांगतो. वर्णन बरोबर असेल तर हा हवेचा, जमिनीचा किंवा खताचा दोष नाही, बियाण्यात शिरलेल्या परक्या रक्ताचा आहे. फवारणीचा खर्च करू नका. पण घाबरूही नका, कारण गळण्याचा हा गुण लपून बसत नाही. ज्या ताटात तो असतो ते ताट स्वतःच दाखवून देतं. सोलापूर भागात ज्वारीच्या बीजोत्पादनाचं काम करताना मला भेसळीतले इतर काही गुण यापेक्षा कितीतरी जास्त छळतात.

फोटो नाहीत म्हणून आधी एक खातरजमा करून घ्या, कारण ‘दाणा गळतो’ या एकाच तक्रारीखाली शेतात निदान तीन वेगळ्या गोष्टी घडतात. खाली पडलेलं मूठभर गोळा करा आणि उन्हात नीट बघा. नुसता उघडा दाणा पडलाय आणि त्याचं तूस कणसालाच आहे, तर ते काम चिमण्यांचं, राघूंचं किंवा जास्त वाळलेल्या कणसाच्या हाताळणीचं. आपल्याकडे ताटं उपटून रानात वाळत टाकतात, पुढे कणसं खुडतात, पेंढ्या हलवतात. त्या प्रत्येक टप्प्यावर सैल तुसाचा दाणा थोडा सांडतोच. खडखड्या रोगानं ताटं लोळली असतील तर आणखी सांडतो. वडील म्हणतात तो उशीर इथे लागू पडतो. कणसातल्या दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला की दाणा भरून झाला. त्यानंतर फक्त वाळायचं राहतं, आणि विनाकारण रानात ठेवलेला प्रत्येक आठवडा पाखरांच्या पदरात जातो.

मात्र दाणा तुसासकट पडला असेल, आणि त्याच्या बुडाला फाटलेला तंतू नसून गुळगुळीत गोल वण असेल, तर तो ‘सुटलेला’ आहे. मालदांडीचं कणीस घेऊन एक दाणा तुसासकट ओढून काढा. बुडाशी ओबडधोबड तुटलेला देठाचा तुकडा दिसेल. दोन्ही शेजारी ठेवले की दहा रुपयांच्या भिंगातूनही फरक कळतो. पुरावनस्पतिशास्त्राचे लोक हजारो वर्षांपूर्वीचं धान्य रानटी होतं की पेरलेलं, हे याच वणावरून ठरवतात.

एक चकवा मात्र आहे. ज्वारीच्या कणसात प्रत्येक दाण्याच्या शेजारी देठावर एक बारीक पोकळ कणिशिका, म्हणजे तुसाचं छोटं फूल, असते. तिच्यात दाणा धरत नाही. काही वाणांत ती आपोआप झडते. तिचा कचरा पाहून दाणे गळाले असं समजू नका.

आता हा दाणा सुटतो कसा, ते पाहू. रानटी गवताला दाणे जमिनीवर पडायलाच हवेत, नाहीतर पुढच्या पावसात उगवणार काय? म्हणून कणिशिका जिथे देठाला जोडलेली असते तिथे पेशींचा एक पातळ थर वेगळा तयार होतो. त्या पेशी लहान असतात, आजूबाजूच्या पेशींसारखं लिग्निन त्यांच्यात साठत नाही, त्यामुळे त्या कडक होत नाहीत. शिंपी शिवण पक्की करण्याआधी कच्चा टाका घालतो, तसा हा थर. वाढत्या पिकात तो सगळं धरून ठेवतो, वेळ आली की सरळ रेषेत उसवतो. दाणा पिकताना पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळवणारी विकरं (एन्झाइम) तिथे काम करतात, मग वाऱ्याची झुळूक किंवा बैलाचा धक्का पुरतो. मालदांडीत हा थर नीट बनतच नाही, म्हणून मळणी यंत्र लागतं.

दुकानदाराचा सल्ला इथेच बाद होतो. सांगोल्याकडे डाळिंबाला फूलगळ थांबवायला संजीवक फवारतात, त्यावरून त्यानं सुचवलं असावं. फुलाची गळ त्या त्या वेळच्या संप्रेरकांच्या तोलावर बरीच अवलंबून असते, तो तोल बाहेरून थोडा हलवता येतो. पण धान्याच्या कणसातला सुटण्याचा थर फार आधी आखला जातो. भातात तर लोंबी बाहेर पडण्यापूर्वीच तो तयार झालेला सापडतो. कणीस पिकायला लागल्यावर केलेली फवारणी तो थर पुसू शकत नाही. बोरॉन कमी असेल तर परागीकरण आणि दाणे भरणं बिघडेल, पण एकाच सरीत दहा ताटं घट्ट आणि अकरावं गळणारं असं कधी होणार नाही. अन्नद्रव्याची कमतरता पट्ट्यापट्ट्यानं दिसते, सुटं ताट निवडून काढत नाही. तुमच्या पत्रातला ‘मधूनमधून’ हा शब्दच मला सर्वांत महत्त्वाचा वाटला.

आता जनुकांकडे येऊ. ज्वारीत या थराची मुख्य कळ पहिल्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात आहे. त्याला शॅटरिंग-1, थोडक्यात एसएच-1 म्हणतात. यॅबी कुळातलं हे जनुक इतर जनुकांना चालू-बंद करणारं प्रथिन बनवतं. 2012 साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं, की लागवडीखालच्या ज्वारीत हे जनुक तीन वेगवेगळ्या प्रकारांनी बिघडलेलं आहे. काही वाणांत त्याच्या नियंत्रणाच्या भागात बदल आहेत, काहींत डीएनएच्या सुमारे 2,200 अक्षरांचा तुकडाच गहाळ आहे, आणि काहींत जनुकाचे तुकडे जोडण्याच्या जागी एकच अक्षर बदललंय. म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या शेतकऱ्यांच्या हातून एकच कळ तीनदा, तीन तऱ्हांनी निकामी झाली.

मुद्दाम कोणी केलं नाही. पूर्व सुदानमध्ये मातीच्या भांड्यांच्या खापरांत अडकलेल्या ज्वारीच्या भुशाच्या ठशांवरून, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकात तिथे लोक ज्वारी पेरत होते आणि तिच्यात न गळणारे दाणे येऊ लागले होते, असं दिसतं. विचार करा. कणसं टोपलीवर झोडपून दाणे घेतले तर टोपलीत आधी गळणारेच पडतात, आणि पेरणीलाही तेच जातात. त्यात काहीच बदलत नाही. पण ताट कापून घरी आणलं, की गळणारे वाटेतच सांडतात आणि कणसाला चिकटून राहिलेलेच खळ्यावर पोचतात. त्यातलंच बी पुन्हा पेरलं की दर पिढीला न गळणाऱ्यांचा वाटा वाढत जातो. तुमच्या आजीनं आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसंसुद्धा हेच काम करत होती.

हीच गोष्ट इतर धान्यांत घडली, पण कळ दरवेळी तीच नव्हती. भातात 2006 साली दोन जनुकं सापडली. त्यांतल्या एसएच-4 मध्ये एक अक्षर बदलल्यानं प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदललं आणि थर अर्धवट राहिला. दुसऱ्यात, म्हणजे क्यूएसएच-1 मध्ये, बदल जनुकात नसून त्याच्यापासून जवळजवळ 12,000 अक्षरं दूर आहे. राळ्याच्या रानटी भावंडात वेगळंच एक जनुक पुढे आलं. गहू आणि सातूची तर रचनाच निराळी. तिथे दाणा देठातून सुटत नाही, लोंबीची मधली दांडीच पेरापेरावर मोडते. सातूत त्याला बीटीआर-1 आणि बीटीआर-2 ही दोन शेजारी जनुकं लागतात, आणि दोन्ही चालू असली तरच दांडी मोडते. 2015 साली उलगडलेलं हे प्रकरण तुमच्या प्रश्नाला थेट भिडतं, म्हणून त्यावर जरा थांबतो.

सातूच्या काही वाणांत पहिलं जनुक बिघडलेलं आहे, काहींत दुसरं. दोन्ही वाण न गळणारे. पण त्यांचा संकर केला तर पोराला आईकडून एक चालू जनुक मिळतं, बापाकडून दुसरं, आणि दोन शहाण्या आईबापांच्या पोटी गळणारं पोर जन्मतं. मग प्रश्न येतो की दोन चांगल्या ज्वारींच्या संकरातून तुमच्याकडे असं झालं असेल का? उदाहरणार्थ मालदांडीशेजारी फुले वसुधा किंवा हुरड्याची गूळभेंडी लावली असेल तर? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. ज्वारीतले ते तिन्ही बिघाड एकाच जनुकातले आहेत. आईकडून एक बिघडलेली प्रत आणि बापाकडून दुसऱ्या तऱ्हेनं बिघडलेली प्रत आली, तरी चालू प्रत एकही नाही. थर बनणार नाही. म्हणजे शेजारच्या चांगल्या वाणामुळे दाण्याची प्रत, रंग, भाकरीची चव बिघडेल, पण दाणे गळायला लागणार नाहीत. त्यासाठी चालू कळ बाहेरूनच यावी लागते.

ती कुठून आली? शेजाऱ्याचा बरूवरचा संशय साहजिक आहे, बरूचं बी हात लावताच गळतं हे सगळ्यांनाच ठाऊक. पण ज्वारीत 20 गुणसूत्रं आणि बरूत 40. त्यांचा संकर होतच नाही असं नाही, पण बरेचदा निघणारं पोर गुणसूत्रांच्या तीन संचांचं आणि वांझ असतं. त्याचं बी पुढच्या वर्षी पेरणीत येत नाही. कधीकधी बी धरणारा संकरही होतो, म्हणून बीजोत्पादनाच्या प्रमाणीकरणात बरूपासून 400 मीटर अंतर सांगितलंय. तरी तुम्ही वर्णन केलेली ताटं बरूसारखी जमिनीखालच्या खोडांच्या बेटांतून येत नाहीत, पेरलेल्या सरीतच येतात. त्यामुळे माझा पहिला संशय बरूवर नाही.

माझा संशय चाऱ्यावर आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या भागात गोठे वाढले आणि बहुकापणीच्या चाऱ्याच्या ज्वारी आल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या अंगात सुदान गवताचं, म्हणजे ज्वारीच्याच नात्यातल्या चाऱ्याच्या गवताचं, रक्त आहे. सुदान गवताची गुणसूत्रं 20 च आहेत, त्यामुळे मालदांडीशी संकर सहज जमतो आणि पोर जोमदार, सुपीक निघतं. उंच ताट, बुडाशी फुटवे, बारीक धाट, मोकळं कणीस, काळपट तूस, हे तुम्ही जसंच्या तसं लिहिलंय. चाऱ्याचा प्लॉट कापायचा राहिला आणि तो तुमच्या ज्वारीबरोबरच फुलोऱ्यात आला, एवढं पुरे. ज्वारी मुख्यतः स्वतःच्याच परागानं फळते हे खरं, पण वाऱ्यावर थोडा परका पराग येतोच, आणि मोकळ्या कणसात तो जास्त शिरतो. प्रमाणीकरणात फुटव्याच्या, गवताळ कणसाच्या चारा ज्वारीपासूनही 400 मीटरच सांगितलेत, तर धान्याच्या दुसऱ्या वाणापासून प्रमाणित बियाण्याला 100 मीटर. या दोन आकड्यांतला फरक उगाच नाही. अर्थात तुमच्या शेजारी चारा होता की नाही, हे तुम्हीच सांगू शकाल. नसेल, तर आणलेल्या बियाण्यात किंवा शेणखतात भेसळ शोधावी लागेल.

आता पसरण्याचा प्रश्न. गळण्याचा गुण प्रबळ आहे. एसएच-1 ची एक जरी प्रत चालू असली तरी थर बनतो आणि दाणे सुटतात. म्हणजे संकरित ताट आपली जात लपवू शकत नाही. हेच एखाद्या सुप्त गुणाचं असतं, तर बाहेरून शुद्ध दिसणारी ताटं आत तो गुण वाहत राहिली असती आणि तुम्ही दहा वर्षं उपटत बसला असता. इथे जे गळत नाही त्याच्यात, निदान या मुख्य कळीपुरतं, गळण्याचं रक्त नाही. गळण्यात हातभार लावणारी दुसरीही जनुकं आहेत आणि तुसाच्या घट्टपणामुळे काही ताटं उशिरा सोडतात, त्यामुळे अगदी शंभर टक्क्यांची हमी मी देत नाही. पण कामापुरता हिशेब हाच.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. पिकलेलं गळणारं ताट उपटलं तरी त्याचा पराग डिसेंबरातच उडून गेलेला असतो. संकरित ताटाच्या निम्म्या परागात चालू कळ असते. आजूबाजूच्या कणसांतल्या थोड्या दाण्यांत ती आता बसली असेल, आणि ते दाणे दिसायला चांगलेच दिसतील. ते कळायचं फक्त पुढच्या रब्बीत. म्हणून यंदाचं बियाणं अशा ताटांच्या जवळपासचं घेऊ नका. रानाच्या ज्या कडेला एकही वेगळं ताट नव्हतं, तिथली कणसं हातानं निवडून खुडा, वेगळी वाळवा, वेगळी झोडपा. रास एकत्र करून त्यातून बियाणं काढायची पद्धत निदान दोन-तीन हंगाम बंद ठेवा.

आणि पुढच्या हंगामात उपटायची वेळ बदला. सप्टेंबर-ऑक्टोबरची पेरणी असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून रानात फेरी धरा. पोटरीतली अवस्था (कणीस अजून पानाच्या आवरणात असतं ती) सुरू झाली की उंची, फुटवे आणि धाटाची जाडी यांतला फरक दिसू लागतो. कणीस बाहेर पडताच मोकळेपणा कळतो. तेव्हाच, पराग पडायच्या आधी, ताट मुळासकट काढायचं. कणीस वरून खाली फुलत जातं, त्यामुळे शेंड्याला पिवळे पुंकेसर दिसायला लागले की तुम्हाला उशीर झालेला असतो. नुसतं कणीस मोडून चालत नाही, फुटव्याला दुसरं येतं. मी हे काम मजुरावर सोपवत नाही. मालदांडी रोज पाहणाऱ्या घरच्या माणसाची नजर लागते. दुपारच्या उन्हात रंग मारले जातात, म्हणून सकाळी ऊन पाठीवर घेऊन चालावं, काळपट तूस लांबून उठून दिसतं.

जमिनीत पडलेल्या बियाचं काय? शुद्ध मालदांडीचा सांडलेला दाणा पहिल्या पावसात उगवून संपतो. रानटी रक्ताचा दाणा काही काळ झोपून राहू शकतो, सगळे एकदम उगवत नाहीत. आपल्या रब्बीच्या रानाचा इथे फायदा आहे. खरिपात रान मोकळं असतं, जूनपासून जे ज्वारीसारखं उगवेल ते वखराच्या पाळीनं मारा. पुढच्या दोन रब्बींत त्या रानात हरभरा किंवा करडई घेतलीत तर आणखी बरं. त्यांत उगवलेलं ज्वारीचं प्रत्येक ताट उपरंच, चुकायला जागाच नाही. ज्वारी दुसऱ्या रानात न्या.

सगळं बियाणं फेकून देऊ का, असंही तुम्ही विचारलंय. माझ्या मते नको. मालदांडी एम 35-1 ही निवड तुमच्याच मोहोळच्या संशोधन केंद्रावर झाली, आणि पिढ्यानपिढ्या तुमच्या रानात टिकलेलं बी त्या रानाला सरावलेलं असतं. खात्री म्हणून एक छोटी प्रमाणित पिशवी आणून वेगळ्या तुकड्यात लावा, पण घरचं सोडू नका.

शंका उरली तर एक सोपी चाचणी आहे. गळणाऱ्या दोन-चार ताटांची कणसं पिकायच्या आधी कापडी पिशवीत बांधा, म्हणजे दाणे पिशवीतच पडतील. प्रत्येक कणसाचं बी पुढच्या हंगामात वेगळ्या ओळीत, बियाण्याच्या रानापासून शक्य तितकं लांब पेरा. त्या ताटांना मोजण्यापुरती बी धरण्याची गरज आहे, पण पराग बाहेर जाऊ द्यायचा नाही, म्हणून कणसांवर फुलोऱ्याआधी कागदी पिशव्या चढवा. ओळीत साधारण चारातली तीन ताटं गळली आणि एक घट्ट राहिलं, तर आईताट संकरित होतं, म्हणजे वाऱ्यावरचा पराग दोषी. चाऱ्याच्या प्लॉटवाल्या शेजाऱ्याशी कापणीच्या वेळेबद्दल बोला. एखाद्या ओळीत झाडून सगळी गळली आणि एकसारखी दिसली, तर ते संकर नव्हतं, मूळ बीच परकं होतं. तेव्हा बियाण्याची कोठी, मळणी यंत्र आधी कुणाकडे चाललं होतं आणि शेणखत कुठून आलं, हे तपासायला घ्या.